रक्ताची तपासणी आणि मनाची धास्ती

मंडळी, आज एका पत्रापासून सुरुवात करतो.

पत्र साधेच होते. वर एका रक्तपेढीचे नाव, खाली सही-शिक्का आणि मध्ये तीन ओळी. आपण शिबिरात रक्तदान केलेत, त्याबद्दल आभारी आहोत. आपल्या रक्ताच्या तपासणीसंबंधी थोडे बोलावयाचे आहे. तरी सवडीने, शक्यतो लवकर, येऊन भेटावे. बस्स. काटोलकडच्या एका लहानशा गावातल्या संत्र्याच्या बागायतदाराच्या हाती ते पडले. गडी चाळिशीच्या आतबाहेरचा, सातवीपर्यंत शिकलेला. पण सरकारी धाटणीचा कागद आला की तो शाळेतल्या गुरुजींकडे न्यायचा, ही त्या गावची जुनी रीत. गुरुजींनी पत्र वाचले, चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही, आणि म्हणाले, "उद्याच नागपूरले जाऊन ये, बाबू."

तो गेला. तिथे त्याला वेगळ्या खोलीत बसवून सांगण्यात आले की, तुमच्या रक्ताची एचआयव्हीची चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली आहे, तेव्हा तुम्ही तपासणी केंद्रात जाऊन पक्की तपासणी करून घ्या. सांगणाराने सारे नीट सांगितले असावे. पण ऐकणाराच्या कानात एक शब्द शिरला आणि पुढे कान बंद झाले. पक्क्या तपासणीचे वाक्य त्याला ऐकूच आले नाही. घरी आला, कोणाशी बोलला नाही, अंथरूण उचलून गोठ्यात नेले. बायकोला सांगितले, सर्दी झाली आहे. चहाची कपबशी वेगळी केली. तीन वर्षांची मुलगी 'बाबा, बाबा' करीत यायची, तिला हाताने दूर सारू लागला. पाचव्या दिवशी गुरुजींच्या ध्यानात आले की, हा माणूस पारावर दिसत नाही आणि बागेतही दिसत नाही. त्यांनी त्याला मोटारसायकलवर मागे बसवले आणि माझ्याकडे आणले. मी तेव्हा त्या भागातल्या सरकारी दवाखान्यात होतो.

"डाक्टरसाहेब," तो म्हणाला, "मी कधी कोनाच्या वाटेले गेलो नाही जी. मंग हे माह्या अंगात आलं कुठून?"

त्या दिवशी मी त्याला जे सांगितले, तेच आज तुम्हांला जरा विस्ताराने सांगावयाचे आहे. कारण असे पत्र कोणालाही येऊ शकते. शिबिरात रक्त देणाऱ्याला येते, गरोदर बाईच्या तपासणीत कळते, शस्त्रक्रियेच्या आधी कळते, परदेशी नोकरीसाठी तपासणी केली तर तेव्हाही कळते. आणि कागद वाचून दाखवण्याचे काम खेड्यात बहुधा शिक्षकाकडे येते.

आधी थोडा इतिहास. एचआयव्ही हा विषाणू १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत प्रथम हाती लागला. तो शोधणाऱ्या फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी आणि ल्युक माँतान्ये यांना त्यासाठी २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तातून त्याचा माग काढणारी चाचणी १९८५ साली वापरात आली. दुसऱ्याच वर्षी, १९८६ साली, मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. सुनीती सॉलोमन यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी आपल्या देशातला पहिला संसर्ग उजेडात आणला. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यांच्या वेळी हा रोग म्हणजे मरणच, कारण औषध नव्हते. त्या काळी जी दहशत बसली ती औषध आल्यावरही गावोगाव तशीच राहून गेली आहे. रोग बदलला, त्याची बातमी अजून जुनीच फिरते आहे.

आता ही चाचणी पाहते तरी काय? लोकांची समजूत अशी की, यंत्रात रक्त घातले की त्यात विषाणू दिसतो. तसे नाही. नेहमीची चाचणी मुख्यतः विषाणूचा मागमूस पाहते. आपल्या अंगात कोणताही परका जंतू शिरला की त्याच्याशी लढण्यासाठी शरीर एक प्रकारचे द्रव्य तयार करते. त्याला प्रतिपिंड म्हणतात. चाचणी पाहते ती ही प्रतिपिंडे.

शेतकऱ्याला हे सांगणे सोपे आहे. सकाळी तुम्ही वावरात जाता. रात्री रानडुक्कर येऊन गेले की नाही, हे तुम्हांला कसे कळते? डुक्कर तर दिसत नाही. खूर उमटलेले दिसतात. खूर पाहून तुम्ही म्हणता, रात्री डुक्कर आले होते. शंभरांत नव्व्याण्णव वेळा ते खरेच असते. पण कधी गावातले पाळीव डुक्कर सुटून येते, त्याचेही खूर साधारण तसेच. लांबून पाहणारा फसतो. चाचणीचेही असेच होते. दुसरा एखादा ताप नुकताच येऊन गेला असेल, नुकतीच एखादी लस टोचली असेल, सांध्यांचा किंवा रक्ताचा असा एखादा आजार असेल की ज्यात शरीर स्वतःच्याच विरुद्ध द्रव्ये तयार करते, तर त्यांतली काही द्रव्ये चाचणीला एचआयव्हीच्या प्रतिपिंडांसारखी भासतात आणि ती रंग दाखवते. रिअ‍ॅक्टिव्ह या शब्दाचा अर्थ एवढाच, की चाचणीने प्रतिसाद दिला. त्याचा अर्थ 'रोग आहे' असा नव्हे. 'पुढे पाहा' असा आहे.

याच्या उलटही घडते. डुक्कर आज रात्रीच शिरले आणि जमीन कडक असली तर सकाळी खूर दिसणारच नाहीत. विषाणू अंगात शिरल्यापासून प्रतिपिंडे पुरेशी तयार होईपर्यंत काही आठवडे जातात. या काळात माणसाला संसर्ग असतो, पण चाचणी कोरी येते. आपल्याकडे हा काळ तीन महिन्यांपर्यंत धरतात. हल्लीच्या चांगल्या चाचण्यांना तो बहुतेकांत पुष्कळच आधी सापडतो, पण नियम तीन महिन्यांचा ठेवला आहे आणि तो ठीक आहे.

आता एक हिशेब सांगतो. शिक्षक मंडळींनी तो फळ्यावर मांडून पाहावा. आपल्या देशात प्रौढ माणसांत एचआयव्हीचे प्रमाण हजारी साधारण दोन आहे. म्हणजे दहा हजार माणसे घेतली तर त्यांत वीस जणांना संसर्ग असेल आणि ९,९८० जणांना नसेल. समजा, एक चाचणी इतकी चांगली आहे की ती संसर्ग असलेला एकही माणूस सोडत नाही, आणि निरोगी माणसांत हजारी फक्त पाचांना चुकून पकडते. आता मोजा. वीस खरे पकडले. आणि ९,९८० पैकी हजारी पाच म्हणजे जवळजवळ पन्नास निरोगी लोकही पकडले गेले. एकूण सत्तर जणांच्या कागदावर रिअ‍ॅक्टिव्ह लिहिले गेले, आणि त्यांतले पन्नास जण निष्कारण! चाचणी वाईट आहे म्हणून असे झाले का? मुळीच नाही. हजारात पाच चुका म्हणजे फार चांगली चाचणी. पण निरोगी माणसे इतकी अधिक आहेत की त्यांच्यातली थोडीशी चूकही खऱ्या रोग्यांच्या संख्येवर मात करते. धान्याच्या मोठ्या राशीत खडे थोडे असले की चाळणीवर जे उरते त्यात खड्यांपेक्षा जाड दाणेच जास्त निघावेत, तसा हा प्रकार आहे. हे आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत. आजच्या पुष्कळ चाचण्या याहूनही कमी चुकतात. पण तत्त्व तेच.

मग यावर उपाय? उरलेल्या सत्तरांना दुसऱ्या चाळणीतून काढावयाचे. दुसरी चाचणी वेगळ्या धर्तीची हवी, म्हणजे पहिली जिथे फसली तिथे ती फसणार नाही. त्या पन्नासांतला एखादाही दुसऱ्यांदा फसणे कठीण, आणि तिसऱ्यांदा फसणे जवळजवळ अशक्य. म्हणूनच आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात असा नियम आहे की, ज्याला कसलीही लक्षणे नाहीत अशा माणसाला पॉझिटिव्ह ठरवण्यापूर्वी तीन निरनिराळ्या चाचण्या करावयाच्या. तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह आल्या तरच कागदावर पॉझिटिव्ह लिहावयाचे. पहिली आली आणि पुढच्या दोन्ही आल्या नाहीत, तर निगेटिव्ह. काही आल्या, काही नाही, असा घोळ झाला तर तो निकाल अनिश्चित समजून दोन-चार आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यावयाचे.

"मंग रक्तपेढीवाल्यानं एकाच तपासणीवर मले बलावलं काहून?" आमच्या बागायतदाराने विचारले. प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे कारण असे की, रक्तपेढीला माणसाचा रोग ठरवावयाचा नसतो, तिला पिशवीचा निकाल लावावयाचा असतो. ही पिशवी कोणाच्या अंगात चढवावी की फेकून द्यावी, एवढाच तिच्यापुढचा प्रश्न. तिथे जराशी शंका आली तरी पिशवी फेकणे बरे. निरोगी रक्ताच्या चार पिशव्या वाया गेल्या तर चालेल, पण एक दूषित पिशवी जाता कामा नये. म्हणून तिथे एकच चाचणी करतात आणि शंकेचा फायदा रक्त घेणाऱ्याला देतात. माणसाचा निकाल लावण्याचे काम तपासणी केंद्राचे. ही दोन कामे निराळी आहेत, हे आमच्या दोस्ताला समजले तेव्हा तो पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसला.

त्याचे रक्त तिथल्या तिथे घेतले. पहिली चाचणी पुन्हा रिअ‍ॅक्टिव्ह आली. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. दुसरी कोरी. तिसरी कोरी. महिन्याने पुन्हा बोलावले, तेव्हाही तेच. निगेटिव्ह. मात्र यापुढे रक्तदान करू नका असे त्याला सांगावे लागले, आणि याचे त्याला खरेच वाईट वाटले. दरवर्षी गणपतीच्या शिबिरात तो रक्त द्यायचा.

असे फसवे निकाल काही एचआयव्हीच्याच वाट्याला आलेले नाहीत. गरमीच्या रोगासाठी व्हीडीआरएल नावाची जुनी चाचणी आहे. ती मलेरियात, कुष्ठरोगात, कधी गरोदरपणात, कधी नुसत्या म्हातारपणातही खोटा प्रतिसाद देते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे मलेरिया आणि कुष्ठरोग या दोहोंचीही ओळख जुनी, तेव्हा तिकडच्या एखाद्या सत्शील म्हाताऱ्याच्या कागदावर असले काही दिसले तर घरच्यांनी लगेच भुवया चढवू नयेत.

आणि आपल्या विदर्भात तर आणखी एक तपासणी घरोघर धास्ती घालते. ती म्हणजे सिकलसेलची. हा रोग रक्ताच्या तांबड्या पेशींचा. प्राणवायू कमी झाला की पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग हातापायांत असह्य कळा येतात. १९५२ साली तो निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत आढळला, आणि १९५८ साली डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी नागपुरात तो आढळल्याचे 'लान्सेट' या विलायती वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध केले. तेव्हा या विषयात नागपूरचे नाव जगात जुने आहे. पुढे नागपूरच्याच संपत रामटेके यांनी या रोग्यांसाठी आयुष्य वेचले. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

येथे घोटाळा कसा होतो, तो पाहा. शाळेत किंवा आश्रमशाळेत शिबिर भरते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन विद्राव्यतेची साधी चाचणी करतात. नळीतले पाणी गढूळ झाले की 'सिकल आहे' म्हणतात. पण ही चाचणी एक गोष्ट सांगू शकत नाही. मुलाला हा दोष आई आणि बाप अशा दोघांकडून आला आहे, की एकाकडूनच? दोघांकडून आला असेल तर तो रोगी. त्याला एसएस म्हणतात. एकाकडूनच आला असेल तर तो नुसता वाहक, म्हणजे एएस. वाहक माणूस शेती करतो, कबड्डी खेळतो, पोरेबाळे वाढवतो, आणि बहुधा जन्मभर त्याला काही होत नाही. दोघांतला फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी नावाच्या पुढच्या तपासणीतच कळतो. पण गावात फक्त पहिला शब्द पोचतो. मला एक मुलगी ठाऊक आहे. तिचे ठरलेले लग्न 'तिले सिकल निंगाली' म्हणून मोडले. ती वाहक होती. नवऱ्या मुलाची तपासणी केली असती, आणि तो वाहक नसता, तर त्यांच्या एकाही मुलाला हा रोग होऊ शकला नसता. दोघेही वाहक असते तर मात्र प्रत्येक बाळंतपणात चारांत एक एवढा धोका. तपासणी एकीचीच झाली, दुसऱ्याची झालीच नाही, आणि खापर जिची झाली तिच्यावर फुटले. २०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोठी मोहीम सुरू केली, तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावयाची आहे. तेव्हा शिक्षकांच्या हाती हे कागद पुष्कळ येतील. एएस आणि एसएस ही दोन अक्षरे त्यांनी पोरांना बाराखडीसारखी पाठ करून द्यावीत.

पुन्हा एचआयव्हीकडे येतो. ज्याचा कागद आधी आला तो गुन्हेगार, हा प्रकार इथेही आहे, आणि त्यात बाई सापडते. कारण गरोदरपणी तपासणी बाईची होते, नवऱ्याची होतेच असे नाही. एक पहिलटकरीण माझ्याकडे आली, ती रडत नव्हती, नुसती भिंतीकडे पाहत होती. एका ठिकाणी, त्याचे नाव घेत नाही, व्हरांड्यात दहा बायका बसल्या असताना तिचा निकाल मोठ्याने पुकारला गेला. संध्याकाळपर्यंत सासरी बातमी पोचली. सासू म्हणाली, हिनेच घरात आणले. आम्ही समजूत घालून नवऱ्याचीही तपासणी केली. तोही पॉझिटिव्ह निघाला, आणि त्याच्या अंगात रोग पुष्कळ जुना असावा अशी त्याची प्रकृती सांगत होती. पण त्या घराने माफी मागितली नाही. आम्हीही 'कोणाकडून आले' हा प्रश्न तिथेच ठेवून दिला. त्याच्या उत्तराने औषधात काहीच फरक पडत नाही.

तिच्या तिन्ही चाचण्या रिअ‍ॅक्टिव्ह होत्या. पक्के पॉझिटिव्ह. अशा वेळी खोटा धीर देणे हेही पापच. पण खरा धीर देता येतो. आपल्या देशात एचआयव्हीची औषधे सरकारी केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून फुकट मिळतात. २०१७ पासून तर निदान झाले की लगेच, प्रकृती बिघडण्याची वाट न पाहता, औषध सुरू करतात. बहुतेकांना रोज एक गोळी. ती नेमाने घेतली तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तो मोजताही येत नाही, आणि अशा माणसाकडून शरीरसंबंधातून दुसऱ्याला रोग लागत नाही. औषध न घेणाऱ्या आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका शंभरांत पंधरा ते पंचेचाळीस. वेळेवर औषध घेतले तर तो पाचाच्या खाली येतो. तिने घेतले. आता तिचा मुलगा शाळेत जातो आणि पावसाळ्यात इतर पोरांसारखाच डबक्यात उड्या मारतो.

या बाळाच्या बाबतीतही एक धास्ती मध्ये उभी राहिली होती, ती सांगितली पाहिजे. जन्मानंतर कोणीतरी त्या बाळाची साधी प्रतिपिंडांची चाचणी केली आणि ती रिअ‍ॅक्टिव्ह आली. घरात पुन्हा हलकल्लोळ. वास्तविक ती तशी येणारच! आईची प्रतिपिंडे नाळेतून बाळाच्या रक्तात जातात आणि दीड वर्षापर्यंत राहू शकतात. ते आईचे खूर, बाळाच्या वावरात उमटलेले. बाळासाठी सहाव्या आठवड्यात वेगळी तपासणी असते, ती खुद्द विषाणूच शोधते. अखेरचा निकाल दीड वर्षांनी लागतो. तोवर धीर धरावा लागतो आणि ते सोपे नसते, हे मी कबूल करतो.

आता काही माणसे अशी असतात की त्यांचा निकाल चांगला येतो आणि तरी ती बरी होत नाहीत. एक तरुण मास्तर माझ्याकडे यायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हातून एक चूक घडली होती. त्यानंतर त्याने सात वेळा रक्त तपासले, निरनिराळ्या गावांत, कधी नाव बदलून. सातही कोरे. पण अंगावर पुरळ उठले की तो मोबाइलवर वाचायचा, जीभ पांढरी दिसली की आरशापुढे उभा राहायचा, काट्यावर अर्धा किलो कमी भरला की रात्रभर जागायचा. माझ्याकडे आला की म्हणायचा, "डॉक्टर, चाचणी चुकूही शकते, तुम्हीच सांगितलंत ना?" सांगितले होते खरे. पण ती कोणत्या बाजूला चुकते, तेही सांगितले होते. तीन महिने उलटल्यावर आलेला कोरा निकाल म्हणजे तो विषय संपला. आठवी तपासणी करून त्याला काही मिळणार नव्हते, फक्त चार दिवसांची विश्रांती मिळाली असती आणि मग पुन्हा पुरळ. त्याचा आजार रक्तात नव्हता, अपराधाच्या भावनेत होता. मी त्याला मेडिकलमध्ये मानसोपचाराच्या विभागात पाठवले. प्रथम रागावला. नंतर गेला. अशा माणसाला 'वेडा आहेस काय' म्हणू नये. त्याचे दुःख खरे असते, पत्ता तेवढा चुकलेला असतो.

मला स्वतःलाही या वाटेने एकदा जावे लागले. एका अडलेल्या बाळंतिणीला टाके घालताना सुई माझ्या बोटात गेली. बाईचा निकाल पॉझिटिव्ह होता. अशा वेळी बहात्तर तासांच्या आत, आणि खरे तर जितक्या लवकर तितके बरे, औषध सुरू करून ते अठ्ठावीस दिवस घ्यावयाचे असते. मी दोन तासांत पहिली गोळी घेतली. सुई टोचण्यातून लागण होण्याचा संभव हजारी तीनच्या आसपास, हे मी इतरांना शेकडो वेळा सांगितलेले. पण त्या रात्री मला ते तीनच दिसत होते, नऊशे सत्त्याण्णव दिसत नव्हते. घरात जेवताना हात मागे घ्यायचो. पुढे माझे सारे निकाल कोरे आले. पण गोठ्यात अंथरूण नेणाऱ्या माणसाला हसण्याचा माझा हक्क त्या दिवशी गेला.

रक्त घेण्याविषयीची भीती नागपूरकरांच्या मनात निराळ्या कारणानेही आहे. २०२२ च्या मे महिन्यात बातमी आली की, थॅलेसेमिया या आजारामुळे वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या नागपुरातल्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाली आणि त्यांतले एक दगावले. शासनाने चौकशी सांगितली, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानेही जाब विचारला. ज्या काळात खूर उमटत नाहीत त्या काळाचा धोका मी वर सांगितला, तो इथे येतो. विषाणूच थेट शोधणारी नॅट नावाची तपासणी हा काळ पुष्कळ आखूड करते, पण ती महाग आहे आणि सगळीकडे होत नाही. माझे मत विचाराल तर, ज्या मुलांना महिन्याला रक्त लागते त्यांच्यापुरती तरी ती सक्तीची व्हावी. मात्र रक्तदान करणाराला रक्त दिल्याने हा रोग होत नाही. सुई नवी असते. आणि चाचणी करून मिळेल या हेतूने कोणी रक्तदान करू नये. ज्याला स्वतःविषयी शंका आहे त्याने शिबिरात न जाता तपासणी केंद्रात जावे. शंका असलेल्या काळातच चाचणी फसते, आणि पिशवी मग एखाद्या पोराच्या अंगात जाते.

डासांचा प्रश्न प्रत्येक गावात विचारतात, म्हणून सांगतो. डासाच्या चाव्याने एचआयव्ही होत नाही. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो, हा विषाणू तिथे वाढत नाही, पचून जातो. एका ताटात जेवल्याने, एका विहिरीचे पाणी प्याल्याने, एका बाकावर बसल्यानेही होत नाही. शाळेतल्या बाकासंबंधी तर हे कायद्याने सांगितलेले आहे.

कायदा असा आहे. २०१७ साली संसदेने एचआयव्हीसंबंधी स्वतंत्र कायदा केला, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार माणसाच्या संमतीवाचून ही तपासणी करता येत नाही. तपासणीच्या आधी आणि नंतर त्याला समजावून सांगावे लागते. त्याचा निकाल त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्याला सांगता येत नाही. आणि नोकरीत, शाळेत, दवाखान्यात त्याला वेगळे वागवता येत नाही. याच्या कितीतरी आधी, १९९७ साली, मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे एका मजुराचा खटला आला होता. एका सार्वजनिक संस्थेत तो रोजंदारीवर होता. कायम करण्याआधी रक्त तपासले, एचआयव्ही निघाला, आणि काम गेले. अंगाने तो धडधाकट होता. न्यायालयाने म्हटले की, जो माणूस काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याला केवळ या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही. त्या खटल्यात त्या माणसाचे नाव कुठेही नाही. न्यायालयाने त्याला 'एमएक्स' म्हटले आणि संस्थेला 'झेडवाय'. एवढे मोठे न्यायालय एका मजुराचे नाव झाकून ठेवते, तर आपल्या चावडीवर नाव घेण्याचे काय कारण?

तपासणी कुठे करावी, हे विचारणारांसाठी सांगतो. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत समुपदेशन आणि तपासणीची केंद्रे आहेत. पैसे पडत नाहीत. निकाल बहुधा त्याच दिवशी मिळतो आणि एकट्यालाच, दार लावून, सांगतात. १०९७ या क्रमांकावर फोन केला तर नाव न सांगताही विचारता येते, आणि त्यालाही पैसे पडत नाहीत. जाताना एखादा भरवशाचा माणूस सोबत न्यावा. तो आत नसला तरी चालेल, बाहेर बाकावर बसला तरी पुरे. कारण एकट्याच्या कानात तो पहिलाच शब्द शिरतो, आणि पुढचे ऐकायला दुसरे कान लागतात.

काटोलकडच्या त्या गावी मी पुढे एकदा लसीकरणाच्या कामाने गेलो होतो. बाग आंबिया बहाराला आली होती. आमच्या दोस्ताने मुलीला खांद्यावर बसवून सारी बाग दाखवली आणि निघताना पिशवीभर संत्री दिली. नंतर शाळेत गुरुजींकडे चहा झाला. मी विचारले, "तेव्हा पाच दिवस तो गोठ्यात निजत होता, मग तुम्ही त्याला घेऊन दवाखान्यात आलात. गावाने विचारले असेल. काय सांगितलेत?"

गुरुजी बशीत चहा ओतत म्हणाले, "काय सांगाचं? म्हटलं, बागेवर मर आली होती, फवारणीचं औषध इचाराले गेलो होतो."